ताप असेपर्यंतच दिसणारा ईसीजी

रुग्ण ३६ वर्षांचा कोरडवाहू शेतकरी. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेजवळ त्याचं गाव. कापूस आणि तूर मिळून पाच एकर. सप्टेंबर अखेरीस एका पहाटे १०८ रुग्णवाहिकेतून आमच्या उपजिल्हा रुग्णालयात आला, तेव्हा शुद्धीवर होता, पण पार गळून गेलेला. अंगात १०३ फॅरनहाइट ताप. आधीच्या दवाखान्यातून आलेल्या चिठ्ठीवर तीन निदानं प्रश्नचिन्हांसह लिहिली होती: फवारणीची विषबाधा, मिरगी, मेंदूज्वर. हृदयाचा उल्लेख कुठेच नव्हता आणि तो असायचं कारणही वरवर दिसत नव्हतं. छातीत दुखलेलं नाही, दम लागलेला नाही, बीपी-शुगर नाही, वयही कमी. (ओळख पटू नये म्हणून घरादाराचे काही तपशील बदलून लिहितो आहे.)

अशा वेळी सगळ्यात मोलाची साक्ष रुग्णाची नसते, शेजारी झोपलेल्या माणसाची असते. बायकोने सांगितलं ते असं: "चार दिवसापासून ताप होता. रातच्या दोनेक वाजता घोरल्यावानी आवाज आला. मले वाटलं तापात बरळत असन. मंग घशातून घर्रघर्र होऊ लागलं, डोये वर गेले, हातपाय आखडले. हालवलं, तोंडावर पाणी मारलं, उठतच नव्हते. पोराले उठवून लाइट लावला तवरीक यायनं मोठा श्वास घेतला अन् मलेच इचारलं, काय झालं, काहून रडून राहिली?"

शेवटचं वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. मिरगीच्या झटक्यानंतर माणूस लगेच असा प्रश्न विचारत नाही. तो बराच वेळ गुंगीत असतो, घरच्यांनाही धड ओळखत नाही, उठवलं तर चिडतो. मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षण तुटून पूर्ववत झाला तर मात्र शुद्ध दिवा लागल्यासारखी येते. रक्तपुरवठा तुटल्यावरही हातपाय आखडतात, लघवीही होते, म्हणून नुसत्या आखडण्यावरून मिरगी ठरवणं धोक्याचं. जीभ चावलेली नव्हती. आणि ती घरघर! झोपेत हृदय काही क्षण निकामी थरथरत राहिलं की श्वास असा घशात अडकून ओढला जातो. घरच्यांना ते घोरणं वाटतं.

फवारणीचा संशय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन दिवसांपूर्वीच त्याने कपाशीवर पंप मारला होता. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये इथे कुणी बेशुद्ध पडला की पहिला संशय औषधावर जातो, आणि तो जायलाच हवा. पण ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा अंगावर बोलते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, घाम सुटतो, छातीत पाणी भरल्यासारखे आवाज येतात, स्नायू फडफडतात. याच्या बाहुल्या नेहमीएवढ्या, तोंड कोरडं, छाती साफ, नाडी ११८. कोलिनएस्टरेजसाठी (हे रक्तातलं द्रव्य या विषबाधेत घटतं) रक्त काढून ठेवलं, पुढे ते नॉर्मल आलं, आणि अॅट्रोपीन हा उतारा न देता पुढे गेलो. मान ताठ नव्हती, बोलणं सुसंगत होतं, म्हणून मेंदूज्वरही मागे पडला.

मिरगी समजून आधीच्या दवाखान्यात फेनिटॉइनचं इंजेक्शन लिहिलेलं होतं. गाडी आली म्हणून ते द्यायचं राहून गेलं. ते राहिलं हे किती बरं झालं, हे पुढे कळेल.

कागदावर काय होतं

बेशुद्ध पडून आलेल्या प्रत्येकाचा ईसीजी काढायचा हा आमच्याकडचा शिरस्ता आहे, त्यामुळे तो निघाला. यंत्राने कागदाच्या माथ्यावर हृदयाच्या पुढच्या भिंतीला तीव्र झटका आल्याचं छापून टाकलं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने टेनेक्टेप्लेज फ्रिजमधून काढून ठेवलं आणि मला उठवलं. त्याच्या घाईला दोष देता येत नाही. आपल्याकडे चाळिशीच्या आतले हार्ट अटॅक रोजचे झालेत, आणि गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला उशीर झाला तर हृदयाचा स्नायू मरतो. पण हेच इंजेक्शन चुकीच्या माणसाला पडलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्या माणसाचे प्लेटलेट तापाने खाली आलेले असतील तर धोका आणखी वाढतो. याचे सकाळी ८८,००० निघाले.

आता ईसीजी. लय सायनस, म्हणजे स्वाभाविक, फक्त तापामुळे वेगवान. पीआर अंतर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात वीज पोचायला लागणारा वेळ, २१० मिलिसेकंद. नाडी ११८ असताना ते आखडायला हवं होतं, उलट लांबलेलं होतं. व्ही-१ आणि व्ही-२ या छातीवरच्या दोनच लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एक दिशा) एसटी भाग, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लहरीनंतरचा तुकडा, उचललेला. पण नुसतं "एसटी वर आहे" एवढ्यावर थांबून चालत नाही, तो कसा वर आहे हे पाहायचं. क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची ती टोकदार लहर, जिथे संपते त्या टोकापाशीच रेषा ४ मिलिमीटर उंच होती, आणि तिथून बैलाच्या वशिंडावरून पाठीकडे उतरावी तशी किंचित फुगीर वळण घेत सलग खाली येऊन थेट उलट्या टी-लहरीत (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाच्या लहरीत) बुडत होती. मध्ये सपाटी नाही, पुन्हा चढ नाही.

हार्ट अटॅकच्या पहिल्या तासांत चित्र वेगळं असतं. टी-लहर बहुधा सरळ आणि रुंद असते, उचललेला एसटी व्ही-२, व्ही-३, व्ही-४ असा शेजारच्या लीडमध्ये पसरत जातो, आणि पुष्कळदा समोरच्या बाजूच्या लीडमध्ये त्याची उलटी सावली पडते. इथे व्ही-३ मध्ये किरकोळ खुणा, व्ही-४ पासून पुढे सगळं स्वच्छ, दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड अगदी सपाट. छातीत दुखणं नाही. हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी ट्रोपोनिनची कार्ड टेस्ट निगेटिव्ह, पण घटनेला जेमतेम तीन तास झालेले, त्यामुळे तिच्यावर मी भार टाकला नाही. मुख्य आधार आकाराचा होता. टेनेक्टेप्लेज परत फ्रिजमध्ये गेलं.

उजव्या बंडल शाखेच्या ब्लॉकशी, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूची विजेची वाट अडण्याशी, याची गल्लत हमखास होते. त्यातही व्ही-१ मध्ये क्यूआरएसच्या शेवटी एक टोक वर जातं. मग व्ही-६ कडे नजर टाकायची. खरा ब्लॉक असेल तर तिथे रुंद, रेंगाळणारी एस-लहर सापडते आणि क्यूआरएस १२० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. याचा क्यूआरएस १०८ आणि व्ही-६ मध्ये तशी एस नव्हती. पोटॅशियम वाढल्यावरही व्ही-१, व्ही-२ अशीच सोंगं काढतात. ते सकाळी ४.२ आलं.

राहिला तो ब्रुगाडा पॅटर्नचा पहिला प्रकार.

१९९२ साली पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी आठ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. हृदयाच्या रचनेत काही दोष नाही, तरी हृदय अचानक बंद पडलेलं, आणि सगळ्यांच्या व्ही-१ ते व्ही-३ मध्ये हे असं चित्र. १९९८ मध्ये एससीएन-५-ए या जनुकाशी त्याचं नातं सापडलं. हृदयपेशीत सोडियम ज्या वाटेने शिरतं ती वाट हे जनुक घडवतं. थायलंड, फिलिपिन्स, जपान इथे धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेत मरण्याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत होत्या. त्यातल्या अनेक मृत्यूंचा उलगडा याच विकाराने झाला. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा आठ-दहा पटींनी जास्त दिसतो, साधारण चाळिशीच्या आसपास, आणि बहुतेकदा विश्रांतीत किंवा झोपेत. म्हणजे दिवसभर पंप पाठीवर घेऊन फिरलेल्या माणसाला शेतात काही होत नाही आणि अंथरुणावर होतं. घरच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड.

इलेक्ट्रोड दोन बोटं वर

संशय आल्यावर पहिलं काम केलं ते फुकटातलं. छातीवरचे व्ही-१ आणि व्ही-२ चे इलेक्ट्रोड नेहमी चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावतात. ते बरोबर जागीच लागले आहेत ना, हे सिस्टरांसोबत फटी मोजून पाहिलं. मग तेच दोन इलेक्ट्रोड तिसऱ्या आणि नंतर दुसऱ्या फटीत सरकवून पुन्हा ईसीजी काढले, आणि प्रत्येक कागदावर फटीचा आकडा पेनाने लिहिला. दुसऱ्या फटीत तोच उतार ६ मिलिमीटर उंचीवरून सुरू होत होता. कारण शरीररचनेत आहे. उजव्या जवनिकेतून (हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून) फुफ्फुसाकडे रक्त नेणारा वरचा भाग हे या विकाराचं केंद्र मानलं जातं, आणि तो बहुतेकांच्या छातीत चौथ्या फटीच्या वर येतो. तिथला विद्युत बिघाड खालून टिपायला गेलं तर निम्मा हाती लागतो, कधी अजिबात लागत नाही.

इथे एक सावधगिरी लागते. निरोगी माणसाचेही इलेक्ट्रोड नकळत वर लागले तर व्ही-१ मध्ये क्यूआरएसला दुसरं छोटं टोक फुटतं आणि काही नवशिके त्यालाच ब्रुगाडा म्हणून बसतात. अशा कागदावर व्ही-१, व्ही-२ मधली पी-लहर उलटी दिसते. ती दिसली की आधी इलेक्ट्रोड तपासावेत. मात्र २ मिलिमीटर किंवा त्याहून उंच सुटणारा, उलट्या टी-लहरीत जाणारा सलग उतार निरोगी छातीवर नुसतं वर सरकवून निर्माण होत नाही. खोगिरासारखा मध्ये खोलगट असणारा दुसरा प्रकार संशयापुरता ठीक, त्यावर निदान करत नाहीत.

विषय निघालाच आहे तर: तरुण माणूस बेशुद्ध पडला आणि पुन्हा शुद्धीवर आला, तर त्याचा ईसीजी "नॉर्मल" म्हणून फाइलला लावण्याआधी चार-पाच जागा मुद्दाम बघाव्यात. पीआर १२० मिलिसेकंदांहून आखूड आणि क्यूआरएसच्या पायथ्याशी तिरका चढ असेल तर डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे हृदयात विजेची एक जन्मजात जादा वाट. क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी-लहरीच्या शेवटापर्यंतचा वेळ) लांबलेला असेल तर त्याच्या घरात मोबाईल वाजून दचकून पडलेल्या किंवा विहिरीत पोहताना बुडालेल्या कुणाची गोष्ट आहे का, हे विचारायचं. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये टी-लहरी उलट्या आणि क्यूआरएसनंतर बारीकशी एप्सिलॉन लहर असेल तर उजव्या जवनिकेच्या स्नायूत चरबी आणि तंतू भरत जाण्याचा आजार. आणि पळताना किंवा जोरात भांडताना पडलेल्या लेकराचा विश्रांतीतला ईसीजी निखालस स्वच्छ असला तरी सुटकेचा श्वास टाकायचा नाही, कारण कॅटेकोलामाइनमुळे (अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांमुळे) होणाऱ्या लयबिघाडात तो स्वच्छच असतो; त्या मुलाला कुणाच्या तरी देखरेखीखाली पळवून बघावं लागतं. या सगळ्या गोष्टी एकाच साध्या यंत्रावर दिसतात. आमच्याकडचं यंत्र बारा वर्षं जुनं आहे, तरी दिसतात.

ताप चढला, ताप उतरला

पॅरासिटामॉल एक ग्रॅम दिलं, ओल्या फडक्याने अंग पुसायला लावलं, मॉनिटर लावला आणि डिफिब्रिलेटर (शॉक देऊन हृदय लयीत आणणारं यंत्र) खाटेला खेटून ठेवला. सिस्टरांना एकच काम सांगितलं: ताप मोजाल तेव्हा ईसीजी काढा, आणि कागदावर तापाचा आकडा लिहा. तो ढीग आज माझ्यापुढे आहे. १०३ ला ४ मिलिमीटर. १००.२ ला जेमतेम २, उतार अजून ओळखू येतो. ९८.४ ला काहीच नाही. व्ही-१, व्ही-२ तुमच्या-माझ्यासारखे, दुसऱ्या फटीतसुद्धा. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप पुन्हा १०२.६ वर गेला आणि तोच उतार तसाच परत आला. त्याच वेळी मॉनिटरवर जवनिकेतून सुटलेले जादा ठोके दिसू लागले. पुन्हा पॅरासिटामॉल, पुन्हा फडकी. तासाभरात ठोके थांबले.

समजा हाच माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे तापाचं इंजेक्शन घेऊन, घाम येऊन मोकळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओपीडीत आला असता. ईसीजी नॉर्मल निघाला असता, मिरगीची गोळी सुरू झाली असती आणि पुढच्या तापात तो गेला असता. या विकारात पुरावा तापासोबत उतरतो. म्हणून ताप असताना बेशुद्ध पडलेल्या माणसाचा ईसीजी ताप उतरवण्याच्या आधी काढावा. दोन मिनिटं लागतात, तेवढ्याने उपचाराला उशीर होत नाही. आणि कागदाचा मोबाईलवर फोटो घ्यावा. थर्मल कागदावरची शाई उन्हात ठेवलेल्या फाइलमध्ये काही महिन्यांत फिकी पडते, आणि नागपूरच्या डॉक्टरसमोर पांढरा कागद ठेवून काही उपयोग नसतो.

तापाचा आणि या ईसीजीचा संबंध सोडियमच्या त्या वाटेत आहे. ज्यांच्यात ती मुळातच अरुंद असते, त्यांच्यात तापमान वाढलं की ती आणखी लवकर मिटते. आत येणारा सोडियमचा प्रवाह रोडावतो आणि उजव्या जवनिकेच्या वरच्या भागात शेजारच्या पेशींमध्ये विजेचा मेळ राहत नाही. ही तफावत पुरेशी वाढली की एखादा चुकार ठोका तिथे गरगरणारं वादळ उठवतो. ते आपोआप थांबलं तर घरघर आणि मग जाग. थांबलं नाही तर सकाळी थंड पडलेलं अंग. तापाने फणफणलेल्या ४०० च्या वर लोकांचे ईसीजी तपासलेल्या एका इस्रायली अभ्यासात सुमारे २ टक्क्यांत हा पॅटर्न दिसला. ताप नसलेल्यांत ०.१ टक्का. त्यातले सगळे मरणार असं नाही, बहुतेक जण काहीही न होता जगतात. पण सोबत बेशुद्धी असेल तर हिशेब बदलतो.

ताप कशाचा होता तेही सापडलं. मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि डेंग्यूची एनएस-१ निगेटिव्ह. राउंडला सिस्टरांनी धोतर सैल करायला लावलं तेव्हा करदोड्याखाली, कमरेवर, विडीने चटका दिल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसला. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्याने कुणाला सांगितलाच नव्हता. स्क्रब टायफस. गवतात, धुऱ्यावर, ढोरं चारताना माइटची बारीक अळी चावते. विदर्भात पावसाळ्याच्या शेवटी हा ताप दरवर्षी भेटतो, २०१८ साली तर नागपूरकडे त्याची मोठी साथ होती. कपडे न उतरवता तपासलं तर डाग सापडत नाही, कारण तो बहुधा काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी असतो. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी तापाने पाठ सोडली. तापाची पाळी टळली तसा ईसीजीही शांत राहिला.

फेनिटॉइनची गोष्ट आता. ते सोडियमच्या त्याच वाटेवर काम करतं, ती आणखी आवळतं. या रुग्णांना ते शक्यतो टाळायचं असतं. फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन, प्रोकेनामाइड ही लय सुधारायची औषधं इथे उलटी घात करतात. झोप, डोकेदुखी, पाठदुखी यासाठी सर्रास दिलं जाणारं अमिट्रिप्टिलिन त्याच यादीत बसतं, आणि मनोविकारावरचं लिथियमही. भूल देताना बुपिव्हाकेन आणि बराच वेळ चालवलेलं प्रोपोफॉल जपून. खरं वादळ उठलं, एकामागून एक शॉक द्यायची वेळ आली, तर आयसोप्रोटेरेनॉलची ड्रिप उपयोगी पडते. आमच्याकडे ते नव्हतं. त्या रात्री जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवून ठेवलं, वापरावं लागलं नाही. क्विनिडीन हे जुनं औषध या विकारात चांगलं काम करतं, पण ते जगातल्या बऱ्याच देशांत सहज मिळत नाही.

बाप असाच गेला

रुग्णाची आई दुसऱ्या दिवशी गावाहून आली. घरात कुणी अचानक गेलंय का, असं बायकोला आधीच विचारलं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं. तिने खोटं सांगितलं नव्हतं. सासरा तिच्या लग्नाआधीच वारला होता आणि घरात "हिवतापाने गेला" एवढंच बोललं जाई. आईला मी प्रश्न जरा फिरवून विचारला: मावशी, यांचे वडील कसे गेले, त्या रात्री काय झालं ते सांगा.

"तापच होता साहेब. दिवसभर पडून होता, सांजेले भाकर खाल्ली, झोपला. रातच्याले घशात घरघर झाली म्हणे जाऊबाई, मी तं बाहेर ओसरीत होती. सकाळी उठवाले गेली तं थंडा. लोकं म्हणे झोपेत दाबलं त्याले."

वय तेव्हा ४३. शवविच्छेदन अर्थात झालेलं नाही. घरच्यांना "हृदयविकार आहे का" असं विचारलं की उत्तर नाहीच येतं. "पन्नाशीच्या आत, झोपेत, तापात, पाण्यात, किंवा विनाकारण कोण गेलं" असं विचारलं की माणसं आठवू लागतात. अपस्माराच्या गोळ्या चालू असलेला आतेभाऊ, विहिरीत पडलेली आत्या, हेसुद्धा विचारून घ्यावं. या घरात बापाखेरीज दुसरं कुणी निघालं नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेली शांघाय गुणपद्धती या निदानासाठी वापरतात. तापात उमटलेल्या पहिल्या प्रकारच्या पॅटर्नला ३ गुण, रात्रीच्या घरघरीला २, जवळच्या नातलगाच्या संशयास्पद मृत्यूला १. बेरीज ६, साडेतीनच्या पुढे निदान जवळजवळ पक्कं धरतात. गुणपद्धत हाताशी नसती तरी या माणसाला मी घरी सोडला नसता, पण नागपूरला फोन करताना आकडा सांगितला की समोरचा लवकर ऐकतो हा अनुभव आहे.

नागपूर आणि नंतर

नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. ताप पूर्ण उतरल्यावर तो तिकडे गेला. इकोमध्ये हृदय उत्तम, अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या. तिथल्या पहिल्या ईसीजीत काही नव्हतं आणि "तुमच्या कागदांचे फोटो नसते तर आम्ही त्याला परत पाठवला असता" असं तिथल्या डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितलं. त्यांनी वरच्या फटीत इलेक्ट्रोड लावून २४ तासांचा बारा लीडचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सलग नोंदला जाणारा ईसीजी, केला. त्यात रात्री, भरपेट जेवणानंतर काही वेळ तो उतार पुन्हा दिसला, या वेळी ताप नसताना. जड जेवणाने आणि झोपेने व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो आणि त्यानेही हा पॅटर्न उमटतो.

ताप नसताना पॅटर्न आणि लयबिघाडाने आलेली बेशुद्धी, असं एकत्र आलं की छातीत डिफिब्रिलेटर बसवण्याचा गंभीरपणे विचार करावा, असं युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. विचार करावा, म्हणजे सक्ती नाही. खर्च लाखांत, बॅटरी ठरावीक वर्षांनी बदलावी लागणार, चुकीचा शॉक बसण्याची शक्यता, तार तुटणं, जंतुसंसर्ग. ३६ वर्षांच्या माणसाला हे पुढची तीस-चाळीस वर्षं वागवायचं आहे. त्याने स्वतः आधी नकार दिला. "गोळ्या द्या, मशीन नको" हे त्याचं म्हणणं. मी त्याला पटवायला गेलो नाही. पटवलं त्याच्या आईने, आणि तिने काय सांगितलं असेल याचा अंदाज करणं कठीण नाही. कागदपत्रं जमवण्यात दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत मला रोज वाटायचं की आज ताप येऊ नये.

यंत्र बसल्यानंतरचे सल्ले शहरातल्या छापील पत्रकात असतात ते मोबाईल, मेटल डिटेक्टर आणि एमआरआयचे. याच्या कामाचे वेगळे. रानडुकरांसाठी शेताला सौर झटका कुंपण आहे. त्या तारेला हात लागला तर यंत्राचा गैरसमज होऊन विनाकारण शॉक बसू शकतो, म्हणून तार ओढणं, तपासणं हे काम आता भावाकडे. वेल्डिंगच्या जवळ उभं राहायचं नाही. पहिले काही महिने ट्रॅक्टर चालवायचा नाही. रात्रीची जागल करायला हरकत नाही, पण मचाणावर एकट्याने नाही. मोहाची दारू पूर्ण बंद. त्यावर तो हसला आणि "सणालेबी?" असं विचारलं. सणालेही. रात्रीचं जेवण थोडकं. आणि थर्मामीटर घरात. शंभरच्या वर गेलं की लगेच पॅरासिटामॉल आणि दवाखाना, मग पेरणी असो की लग्न.

त्याला एक भाऊ आणि अकरा वर्षांचा मुलगा. विकार असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. भावाचा नेहमीचा ईसीजी स्वच्छ, वरच्या फटीत खोगिरासारखा दुसरा प्रकार. दडलेला पॅटर्न मुद्दाम उघडा पाडायला नागपूरला देखरेखीखाली फ्लेकेनाइड देऊन पाहिलं तेव्हा तो पहिल्या प्रकारात बदलला. त्याला आजवर कधी काही झालेलं नाही. औषधाने उमटलेला पॅटर्न आणि लक्षणं नाहीत, अशांचा धोका कमी असतो, म्हणून त्याला यंत्र बसवलं नाही. टाळायच्या औषधांची यादी आणि तापाचे नियम दिले, वर्षातून एकदा बोलावलं आहे. कुंपणाचं काम त्याच्याकडे द्यायला यामुळे अडचण आली नाही.

जनुकीय तपासणी केली नाही. एससीएन-५-ए मधला दोष सुमारे पाचातल्या एखाद्याच रुग्णात सापडतो, त्यामुळे तपासणी स्वच्छ आली तरी मुलाला मोकळं सोडता आलं नसतं. मुलाचा ईसीजी वरच्या फटीतही नॉर्मल आहे. इतक्या लहान वयात लक्षणं नसताना औषध देऊन परीक्षा घेण्यात अर्थ नाही. त्याच्या शाळेच्या दप्तरात मराठीत लिहिलेलं एक कार्ड आहे: ताप आल्यास पॅरासिटामॉल द्यावं, ताप असतानाच व्ही-१ आणि व्ही-२ दुसऱ्या फटीत लावून ईसीजी काढावा, कागदाचा फोटो खालील क्रमांकावर पाठवावा. गेल्या पावसाळ्यात त्याला एकदा १०१ ताप आला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी कार्ड वाचून फटी मोजल्या आणि फोटो पाठवला. त्यात काही नव्हतं.